पॅच, रेडी रूम आणि स्क्वाड्रनची स्मृती : अमेरिकी नौदलाच्या वैमानिकी संस्कृतीचा एक विचार

प्रस्तावना

लष्करी इतिहासाच्या लेखनात मोहिमा, सेनानी, शस्त्रे आणि तह यांचा विचार विस्ताराने झालेला आढळतो. सैनिकाच्या अंगावरील कापडाचा विचार मात्र क्वचितच होतो. झालाच तर तो हुद्द्याची पट्टी आणि शिस्त यांच्यापुरता मर्यादित राहतो. वैमानिकाच्या उड्डाणवेशावर, दंडावर किंवा छातीवर, तळहाताएवढा भरतकामाचा जो तुकडा लावलेला असतो आणि ज्याला सर्वत्र ‘पॅच’ याच नावाने ओळखले जाते, तो तर बहुतांशी हौशी संग्राहकांच्या हवाली झालेला आहे. वस्तुतः एखादी स्क्वाड्रन स्वतःला काय समजते, कोणाला आपले मानते आणि मृतांची आठवण कशी ठेवते, याचे ते एक छोटे पण बोलके साधन आहे. प्रस्तुत लेखात अमेरिकी नौदलाच्या विमानवाहू नौकांवरील स्क्वाड्रन हे मुख्य उदाहरण घेऊन या साधनाचा विचार केला आहे. पॅच कार्यालयात मंजूर होतो; त्याला अर्थ मात्र ज्या खोलीत वैमानिक एकत्र बसतात त्या ‘रेडी रूम’मध्ये प्राप्त होतो. म्हणून पॅच वाचायचा तर आधी ती खोली वाचली पाहिजे, हे या लेखाचे प्रतिपादन आहे.

चिन्हांचा उगम

विमानांवर तुकडीचे चिन्ह रंगवण्याची पद्धत पहिल्या महायुद्धात रूढ झाली. फ्रेंच स्क्वाड्रननी यात पुढाकार घेतला. जॉर्ज गिनमेर हा प्रख्यात वैमानिक ज्या तुकडीत लढला आणि सप्टेंबर १९१७ मध्ये ज्या तुकडीत असतानाच मरण पावला, तिच्या विमानांवर करकोचा रंगवलेला असे. १९१६ मध्ये फ्रेंच सैन्यात अमेरिकी स्वयंसेवकांची जी स्क्वाड्रन उभी राहिली, तिने अमेरिकेतील मूलनिवासी योद्ध्याचे शिर हे चिन्ह घेतले. अमेरिका स्वतः युद्धात उतरल्यानंतर ९४व्या एरो स्क्वाड्रनने गोल कड्यात टाकलेली हॅट आपल्या विमानांवर रंगवली. अमेरिकेत मुष्टियुद्धाचे आव्हान स्वीकारणारा आपली हॅट रिंगणात फेकत असे. मराठीत ज्याला विडा उचलणे म्हणतात तोच हा भाव. सव्वीस हवाई विजय मिळवणारा एडी रिकनबॅकर याच स्क्वाड्रनचा. आरंभी ही चिन्हे विमानाच्या अंगावर होती. पुढे ती कातडी जॅकेटवर आणि त्यानंतर कापडी उड्डाणवेशावर आली. थोडक्यात, यंत्राची ओळख माणसाच्या अंगावर आली.

ब्रिटनने या उत्साहाला लवकरच सरकारी चौकट घातली. १९३० च्या दशकाच्या मध्यास राजघराण्याच्या कुलचिन्हशास्त्राचा जाणकार अधिकारी रॉयल एअर फोर्सच्या बिल्ल्यांवर देखरेख करू लागला आणि प्रत्येक बिल्ल्याला राजाची मान्यता लागू लागली. अमेरिकेत मात्र उलट घडले. दुसऱ्या महायुद्धात वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओतील चित्रकारांनी लष्कराच्या निरनिराळ्या तुकड्यांसाठी सुमारे १,२०० चिन्हे विनामूल्य काढून दिली. त्यांत सर्वाधिक वेळा रागावलेला डोनाल्ड डक अवतरला. चीनमध्ये लढणाऱ्या ‘फ्लाइंग टायगर्स’ या स्वयंसेवकांचा पंख असलेला वाघही याच स्टुडिओतून आला. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या तरुणांनी छातीवर व्यंगचित्रातले बदक लावावे, याला पोरकटपणा म्हणणे सोपे आहे. पण सिंह आणि गरुड यांची भव्यता सरकारची असते. बदकाचा राग आपला असतो, हे त्या तरुणांना चांगले कळले होते.

रेडी रूम : आसने, फळा आणि गुण

विमानवाहू नौकेवर प्रत्येक स्क्वाड्रनला स्वतःची एक खोली असते. उड्डाणापूर्वी माहिती तेथेच दिली जाते, उड्डाणानंतरची चर्चा तेथेच होते, आणि मधल्या वेळात वाट पाहणेही तेथेच. चित्रपटगृहातल्यासारख्या रांगांत गादीची जड आसने असतात. त्यांना लिहिण्यासाठी दुमडती फळी असते. पुढल्या रांगेत कमांडिंग ऑफिसर आणि ज्येष्ठ अधिकारी, मागे नवखे. दाराशी ड्युटी ऑफिसरचे टेबल. आसनांवर वैमानिकाचे नाव, आणि बहुधा त्याचे ‘कॉलसाइन’. हे टोपणनाव स्वतः निवडता येत नाही. खोली ते देते, आणि ते पराक्रमावरून मिळण्याऐवजी एखाद्या फजितीवरून मिळण्याचा संभव अधिक. नको म्हणून तक्रार केली तर त्याहून वाईट नाव पदरी पडते.

या आसनांना आणखी एक अर्थ आहे. ४ जून १९४२ रोजी मिडवेच्या लढाईत ‘हॉर्नेट’ या नौकेवरून टॉर्पेडो स्क्वाड्रन-८ची पंधरा विमाने उडाली. पंधराही पाडली गेली. तीस जणांपैकी जॉर्ज गे हा एकटा वाचला. सकाळी भरलेली खोली संध्याकाळी रिकामी होती. ११ मे १९४५ रोजी ओकिनावाजवळ ‘बंकर हिल’ नौकेवर दोन जपानी आत्मघाती विमाने आदळली आणि जवळपास चारशे माणसे दगावली. त्यांत व्हीएफ-८४ या फायटर स्क्वाड्रनचे अनेक वैमानिक होते. हवेत शत्रूशी लढताना नव्हे, तर उड्डाणपटलाच्या थेट खाली असलेल्या रेडी रूममध्ये आणि तिच्याबाहेरील बोळात धुराने गुदमरून ते गेले. युद्धानंतर या वर्गाच्या नौकांचे आधुनिकीकरण झाले, तेव्हा रेडी रूम हँगरच्या पटलाखाली हलवण्यात आल्या आणि अवजड पोशाखातल्या वैमानिकांना वर आणण्यासाठी सरकते जिने बसवले गेले. पुढील पिढीच्या महाकाय नौकांवर मात्र ही खोली पुन्हा उड्डाणपटलाखालीच आली. आज तेथे बसलेल्या माणसाला उतरणाऱ्या प्रत्येक विमानाचा आघात डोक्यावरच ऐकू येतो.

या खोलीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू भिंतीवर असते. विमानवाहू नौकेवर उतरणे म्हणजे हलत्या पटलावर आडव्या ताणलेल्या पोलादी तारांपैकी एक तार विमानाच्या शेपटीच्या आकड्याने पकडणे. पटलाच्या मागच्या टोकाला डाव्या बाजूस ‘लँडिंग सिग्नल ऑफिसर’ उभा असतो. तो स्वतः वैमानिकच असतो. प्रत्येक उतरणे तो पाहतो, मदतनिसाकडून टिपून घेतो आणि त्याला गुण देतो. उत्तम उतरण्याला चार, बऱ्यापैकी असेल तर तीन, आकडा तारेत न अडकता विमान पुन्हा हवेत गेले तर अडीच, सुमार असेल तर दोन, परत पाठवावे लागले तर एक आणि जीवघेण्या चुकीला शून्य. नंतर तो अधिकारी रेडी रूममध्ये येऊन सर्वांसमक्ष आपली टिप्पणी वाचून दाखवतो. भिंतीवरील तक्त्यावर प्रत्येक वैमानिकाच्या नावापुढे रंगीत चौकोन भरत जातात : हिरवा उत्तमाचा, पिवळा मध्यमाचा, तपकिरी सुमाराचा, लाल परत पाठवल्याचा. हिरव्या रंगावरूनच या तक्त्याला ‘ग्रीनी बोर्ड’ हे नाव पडले आहे.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. तक्त्यावर कमांडिंग ऑफिसरचीही ओळ असते, आणि त्याला गुण देणारा कित्येकदा त्याच्याहून बराच कनिष्ठ असतो. हुद्दा पुढच्या रांगेत बसवतो, पण लाल चौकोन पुसू शकत नाही. महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये प्रत्येक प्राध्यापकाच्या प्रत्येक तासिकेचे गुण, प्राचार्यांसह, अशा रंगीत चौकोनांनी लावायचे ठरले तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. त्या खोलीत हे चालते, कारण तेथे चूक लपवण्याची किंमत सर्वांना ठाऊक आहे. आज झाकलेली चूक उद्या रात्री, अंधाऱ्या समुद्रावर, कोणाचा तरी जीव घेते.

पॅचचा विचार या पार्श्वभूमीवर करायला हवा. स्क्वाड्रनमध्ये दाखल झाल्याने पॅच मिळतो हे खरे. पण तो लावणाऱ्याने त्या भिंतीखाली बसण्याचे मान्य केलेले असते. एकाच नौकेवर शंभरदा उतरलेल्या वैमानिकाला ‘सेंच्युरियन’चा वेगळा पॅच मिळतो. त्यातला प्रत्येक आकडा आधी तक्त्यावर चढलेला असतो.

दोन मंजुऱ्या

अमेरिकी नौदलात स्क्वाड्रनच्या चिन्हाला नौदल मुख्यालयाची मान्यता लागते. त्याच्या रचनेविषयी नियम आहेत. ही झाली पहिली मंजुरी. दुसरी रेडी रूमची, आणि तिच्यासाठी कोणताही अर्ज नसतो. व्हिएतनाम युद्धात या दुसऱ्या मंजुरीवर जगणाऱ्या पॅचना बहर आला. टोंकिनच्या आखातात महिनोन्‌महिने गस्त घालणाऱ्या नौसैनिकांनी सातव्या आरमाराच्या अधिकृत चिन्हाची नक्कल करून त्यावर ‘टोंकिन गल्फ यॉट क्लब’ असे लिहवून घेतले. श्रीमंतांच्या नौकाविहाराचे नाव त्या कंटाळवाण्या आणि जीवघेण्या गस्तीला देण्यात जो कडवटपणा होता, तो कोणत्याही अधिकृत अहवालात सापडणार नाही. उत्तर व्हिएतनामचा प्रचार अमेरिकी वैमानिकांना ‘यांकी हवाई चाचे’ म्हणत असे. वैमानिकांनी तीच शिवी पॅचवर भरून घेतली. शत्रूने दिलेली शिवी पदवी म्हणून मिरवणे यात बेदरकारपणा आहे. ज्यांच्यावर बाँब पडत होते त्यांच्या बाजूने पाहिले तर त्यात एक प्रकारची बधिरताही आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे.

असे पॅच बहुधा बंदराबाहेरच्या शिंप्यांकडे तयार होत. फिलिपाइन्समधील क्यूबी पॉइंट या तळावरील अधिकारी क्लबात तर मोहिमेवरून परतणारी स्क्वाड्रन आपल्या चिन्हाची लाकडी फळी करवून भिंतीवर लावून जात असे. १९९२ मध्ये अमेरिकेने तो तळ सोडला. धावपट्टी तेथेच राहिली, फळ्या मात्र उचलून फ्लोरिडातील पेन्साकोला येथील नौदल विमानविद्या संग्रहालयात आणल्या गेल्या आणि तेथे त्याच क्लबाच्या धर्तीवरील उपाहारगृहात लावल्या गेल्या. कोणती वस्तू नेण्याजोगी मानली गेली, हे येथे पुरेसे स्पष्ट होते.

चिन्हाचा वारसा : ‘जॉली रॉजर्स’

या दोन मंजुऱ्यांतील अंतर एका उदाहरणाने विशेष स्पष्ट होते. १९४३ मध्ये टॉम ब्लॅकबर्न यांच्या नेतृत्वाखाली व्हीएफ-१७ ही फायटर स्क्वाड्रन उभी राहिली. तिने चाच्यांच्या निशाणावरील कवटी आणि आडवी हाडे हे चिन्ह घेतले आणि ‘जॉली रॉजर्स’ हे नाव मिळवले. पुढे क्रमांक बदलत तीच स्क्वाड्रन व्हीएफ-६१ झाली आणि १९५९ मध्ये बरखास्त झाली. कागदावर तिचा इतिहास तेथे संपला. पण १९६० मध्ये व्हीएफ-८४ या एका सर्वस्वी वेगळ्या स्क्वाड्रनने ते नाव आणि ती कवटी आपल्याकडे घेतली. (‘बंकर हिल’वरील व्हीएफ-८४ ही नव्हे, क्रमांक तोच, वंश निराळा.) या दुसऱ्या व्हीएफ-८४च्या एफ-१४ विमानांच्या काळ्या शेपट्यांवरील कवटी जगप्रसिद्ध झाली. १९९५ मध्ये तीही बरखास्त झाली, तेव्हा व्हीएफ-१०३ने स्वतःचे ‘स्लगर्स’ हे जुने नाव टाकून कवटी स्वीकारली. आज ती व्हीएफए-१०३ या नावाने सुपर हॉर्नेट विमाने उडवते.

नौदलाच्या वंशावळीच्या नियमांनुसार या तीन स्क्वाड्रनचा एकमेकींशी संबंध नाही. बरखास्त झालेली तुकडी संपली. दुसरीने तिचे चिन्ह घेतले तरी इतिहास मिळत नाही. रेडी रूम मात्र हे मानत नाही. तेथे हा एकच अखंड वारसा आहे, दत्तकविधानाने चाललेला. मुलगा नसलेल्या घराण्याची गादी दत्तक घेऊन चालवण्याची रीत ज्यांच्या इतिहासात आहे, त्या मराठी वाचकांना हे समजण्यास अवघड जाऊ नये. आणि बाहेरची सत्ता असे दत्तक नामंजूर करते तेव्हा काय होते, हेही.

या वारशाबरोबर एक काचपेटीही हस्तांतरित होत आली आहे. तिच्यात एक कवटी आणि हाडे आहेत. ओकिनावाच्या लढाईत पडलेल्या जॅक अर्नी नावाच्या तरुण वैमानिकाने मरताना आपली आठवण स्क्वाड्रनच्या चिन्हासह ठेवावी अशी इच्छा व्यक्त केली आणि ती हाडे त्याची आहेत, अशी आख्यायिका सांगितली जाते. ती ऐतिहासिक कसोटीला कितपत उतरेल याविषयी शंका घेण्यास जागा आहे. तथापि आख्यायिका खरी की खोटी यापेक्षा ती प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला का सांगितली जाते, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. नवखा मागच्या रांगेत बसतो तेव्हा त्याला प्रथम कळते ते हे, की या खोलीत गेलेली माणसेही हजर असतात.

खोली जेव्हा गप्प बसते

येथवरचे विवेचन वाचून ही संस्कृती केवळ सचोटीची आणि स्मृतिनिष्ठेची आहे असा ग्रह होऊ शकेल. तो अपुरा ठरेल. सप्टेंबर १९९१ मध्ये लास वेगासमधील हिल्टन हॉटेलात नौदल वैमानिकांच्या ‘टेलहूक असोसिएशन’ या संघटनेचे वार्षिक अधिवेशन भरले. तिसऱ्या मजल्यावर निरनिराळ्या स्क्वाड्रननी आपापल्या पाहुणचाराच्या खोल्या थाटल्या होत्या. एका अर्थाने रेडी रूमच तेथे नेली होती, फक्त भिंतीवरचा तक्ता आणला नव्हता. त्या मजल्यावरील बोळात दुतर्फा उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या स्त्रियांवर हात टाकले. संरक्षण खात्याच्या चौकशीत ८३ स्त्रिया आणि ७ पुरुष यांच्यावर अत्याचार झाल्याचे नोंदले गेले. लेफ्टनंट पॉला कफलिन या हेलिकॉप्टर वैमानिक अधिकारी उघडपणे बोलल्या, म्हणून प्रकरण दाबता आले नाही. जून १९९२ मध्ये नौदलमंत्री लॉरेन्स गॅरेट यांना पद सोडावे लागले. मात्र लष्करी न्यायालयात एकाही अधिकाऱ्यावर दोष सिद्ध झाला नाही. तपासात अनेक अधिकाऱ्यांनी काहीच न पाहिल्याचे सांगितले.

जी माणसे एकमेकांच्या उतरण्यातील अल्पशी चूक सर्वांसमक्ष वाचून दाखवतात, तीच या वेळी गप्प बसली, ही या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखी बाब आहे. रेडी रूमची सचोटी खोलीतील माणसांपुरती होती. खोलीबाहेरच्या व्यक्तीला तिचा लाभ नव्हता. आणि स्त्री तेव्हा खोलीबाहेर होती. एप्रिल १९९३ मध्ये संरक्षणमंत्री लेस ॲस्पिन यांनी लढाऊ विमानांची दारे स्त्रियांना उघडली. नौकेवरील फायटर स्क्वाड्रनमध्ये आलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी लेफ्टनंट कारा हल्टग्रीन या व्हीएफ-२१३ ‘ब्लॅक लायन्स’च्या वैमानिक २५ ऑक्टोबर १९९४ रोजी ‘अब्राहम लिंकन’वर उतरताना एफ-१४ कोसळून मृत्यू पावल्या. विमानाचे डावे इंजिन बंद पडले होते. तरीही नंतर त्यांच्या आणि त्यांच्या सहकारी स्त्री वैमानिकेच्या प्रशिक्षणाच्या नोंदी जाहीर वादात ओढल्या गेल्या. जे गुण रेडी रूमच्या भिंतीवर सुधारणेसाठी लावले जातात, तेच येथे खोलीत स्त्रीची जागा नाही हे ठरवण्यासाठी वापरले गेले. पॅच अंगावर होता. दुसरी मंजुरी मिळालेली नव्हती.

कापडावरील दावे

चिन्हाने खोलीबाहेर पाऊल टाकले की त्याचा अर्थ बदलतो. १९८६ च्या ‘टॉप गन’ चित्रपटात नायकाच्या जॅकेटवर एका जुन्या नौकेच्या आशियाई मोहिमेचा पॅच होता. त्यावर जपान आणि तैवान यांचे ध्वज होते. पुढील भागाची २०१९ मधील झलक आली तेव्हा ते दोन्ही ध्वज गायब झालेले दिसले आणि चीनला खूष करण्याचा आरोप झाला. २०२२ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ध्वज परत आले होते. एप्रिल २०२३ मध्ये तैवानच्या एका वैमानिकाच्या दंडावर काळे अस्वल ‘विनी द पू’ला ठोसा मारत असल्याचा पॅच छायाचित्रात दिसला. चिनी अध्यक्षांची या कार्टूनशी केली जाणारी तुलना सर्वज्ञात असल्याने त्याचा अर्थ कोणाला सांगावा लागला नाही.

भारतातही याचे ठळक उदाहरण आहे. भारतीय वायुसेनेच्या स्क्वाड्रनचे अधिकृत बिल्ले ब्रिटिश पद्धतीच्या गोल चौकटीतून आले. प्रजासत्ताकात मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. त्यांची भाषा संयमाची आहे. परंतु २७ फेब्रुवारी २०१९ च्या हवाई चकमकीनंतर, मे महिन्यात, ५१व्या स्क्वाड्रनचा ‘फाल्कन स्लेयर्स’ हा पॅच वृत्तपत्रांत झळकला. पाकिस्तानचे एफ-१६ पाडल्याचा भारताचा दावा त्यावर चित्ररूपाने होता; पाकिस्तानने तो दावा कधीच मान्य केलेला नाही. दोन राष्ट्रांतील वाद भरतकामात उतरला होता. त्या स्क्वाड्रनची मिग-२१ विमाने सप्टेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाली.

चिन्हाचा वारसाही भारताला अपरिचित नाही. कारगिलमध्ये मे १९९९ मध्ये स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा ज्या ‘गोल्डन ॲरोज’मधून गेले, ती १७वी स्क्वाड्रन २०१६ मध्ये विमानांवाचून उरली, सप्टेंबर २०१९ मध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले आणि वर्षभराने राफेल विमाने तिच्या हाती आली. अमेरिकी नौदलाहून भिन्न अशी ही रीत आहे. विमाने नसतानाही स्क्वाड्रनचा क्रमांक आणि चिन्ह येथे राखून ठेवले जाते, म्हणजे दत्तकाला कार्यालयाचीही मान्यता आहे.

विमानवाहू नौकेची परंपरा पाहायची तर मात्र गोव्याकडे वळावे लागते. ‘व्हाइट टायगर्स’ ही भारतीय नौदलाची ३००वी हवाई स्क्वाड्रन १९६० मध्ये ब्रिटनमध्ये सी हॉक विमानांसह स्थापन झाली आणि ‘विक्रांत’वर आली. डिसेंबर १९७१ मध्ये तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. १९८३ पासून सी हॅरियर विमाने दाबोळीच्या ‘हंसा’ तळावर आली. पुढील तीन दशकांत वास्कोच्या परिसरातील लोकांना त्यांचा आवाज परिचयाचा झाला. ११ मे २०१६ रोजी याच तळावर सी हॅरियरना निरोप देण्यात आला, आणि त्याच समारंभात स्क्वाड्रनने मिग-२९के विमाने स्वीकारली. ब्रिटिश बनावटीचे, जागच्या जागी उभे उतरणारे विमान गेले; रशियन बनावटीचे, आकड्याने तार पकडून उतरणारे आले. त्यामुळे उतरण्याची रीतच मुळापासून बदलली. पांढरा वाघ तोच राहिला.